पांढरी आणि पंढरी



आपले म्हातारे गावाचे दोन भाग सांगत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, सारवणाचे थर पिढ्यानपिढ्या एकावर एक बसत गेले की वस्तीखालची माती पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. जुन्या कागदांत पांढरी म्हटलं की नुसती माती नाही, गावातली समस्त माणसं त्यात आली. आपण वारकरी पंढरीची गोष्ट सांगतो, या अंकातही ती पानोपानी येईल. मी इथं पांढरीची सांगणार आहे. पडेगावापासून पंढरपुरापर्यंत वाटेत जी लहान-लहान बाजारगावं लागतात, ज्यांच्या पारावर बसून आपल्या दिंडीनं शंभर वर्षं भाकरी खाल्ली, त्या गावांची. आणि आपल्या स्वतःच्या गावाचीही, कारण आपल्या गावाचं काय होत चाललंय हे त्या गावांकडं बघितल्याशिवाय नीट कळत नाही.

आधी गाव कोणतं ते सांगू. पंढरपुरात कुणी विचारलं आणि आपण पडेगाव म्हणालो की पुण्या-साताऱ्याकडचा माणूस हटकून म्हणतो, "नीरेजवळचं का?" ते पाडेगाव. उसाच्या संशोधन केंद्राचं. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते तिथलं. आपल्या पडेगावाला पहिल्या अक्षरावर काना नाही आणि गावाला मोठी नदीही नाही. छावणी मागं टाकून दौलताबादची वाट धरली की मिटमिट्याच्या अलीकडं आपलं गाव. एका अंगाला शहर, दुसऱ्या अंगाला देवगिरी.

मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकीला राजधानीचं शहर वसवलं. पुढं औरंगजेबाच्या नावानं त्याचं औरंगाबाद झालं, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. शहराच्या पश्चिमेला फौजेची छावणी बसली. १९०० साली मनमाडकडून रेल्वे आली. या सगळ्या उलथापालथी पडेगावानं कडेला उभं राहून पाहिल्या. राजधानी आली, फौज आली, रेल्वे आली, पण गाव मौजेच राहिलं. मौजे आणि कसबे हा फरक आजच्या पोरांना सांगावा लागतो. मौजे म्हणजे साधं शेतीचं गाव. कसबे म्हणजे ज्या गावाला पेठ आहे, आठवडी बाजार आहे, परगण्याचा कारभार जिथून चालतो, शेटे-महाजन जिथं बाजाराची व्यवस्था बघतात असं गाव. खेड्याहून मोठं, शहराहून लहान. मोठं शहर दाराशी असल्यावर पडेगावाला स्वतःची पेठ कशाला लागणार? आपला बाजार छावणीचा, गुरुवारचा. बैलजोडी घ्यायची असो की लेकीच्या लग्नाचं लुगडं, गुरुवार गाठायचा.

म्हणून माझं असं म्हणणं आहे की कसब्याची गंमत काय असते हे पडेगावाच्या माणसाला वारीनं शिकवलं. शहर त्याला माहीत होतं, खेडं तो स्वतःच होता. मधलं गाव त्याला ज्येष्ठ महिन्यात भेटायचं.

आपल्या जागेला एक मोठं भाग्य आहे, ते इथंच सांगून टाकतो. दोन-अडीच तास चाललं की देवगिरी. तिथं जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि त्यांच्याकडं पैठणहून लहानगा एकनाथ आला. हिशोबात एका पैची चूक सापडली म्हणून भर रात्री टाळी वाजवून आनंदलेला नाथ आपण प्रत्येक कीर्तनात ऐकतो, तो प्रसंग या किल्ल्यावरचा. स्वामींची समाधीही तिथंच. पलीकडं खुलताबादजवळ शूलिभंजनाचा डोंगर, जिथं नाथांनी अनुष्ठान केलं असं सांगतात. आणि खाली दक्षिणेला दोन मुक्कामांवर पैठण. म्हणजे नाथांच्या गुरूचं घर एका बाजूला, नाथांचं घर दुसऱ्या बाजूला, मधे आपण. आपली दिंडी पैठणला जाऊन नाथांच्या पालखीमागं का लागली, आळंदीकडं का गेली नाही, याचं उत्तर यातच आहे.

पैठणच्या वाटेवर बिडकीन आणि ढोरकीन. शहर सुटलं की पहिली श्वास घेण्याची जागा बिडकीन, अशी जुन्या माणसांची भाषा होती. आता बिडकीनला औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते झाले, कंपन्या येतायत. शहर सुटतच नाही, श्वास कुठं घ्यायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण पैठण आलं की अजूनही वेगळं वाटतं.

पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रवाटांची माहिती लिहून ठेवली, तीत पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नावं आहेत. भरुचच्या बंदरातून पैठणला यायला वीस दिवस, असंही तो सांगतो. तगर म्हणजे आपल्या गोरोबाकाकांचं तेर. राजधानी गेली, सातवाहन गेले, उरलं ते एक बाजारगाव : घाट, गल्ल्या, पैठणी विणणारे माग, नाथांचा वाडा गावात आणि समाधी गावाबाहेर गोदेकाठी. राजवैभव गेल्याचं पैठणला फार दुःख आहे असं कधी दिसलं नाही. नाथषष्ठीच्या आधी बीजेपासून वाड्यातला रांजण भरायला लागतात, घागरीमागून घागर ओततात, आणि कुणाच्या घागरीनं तो उतू जातो याकडं सगळ्या गावाचं लक्ष. एवढी उत्सुकता सातवाहनांच्या दरबारातसुद्धा असेल की नाही, पांडुरंग जाणे.

हे बाजारगाव सोळाव्या शतकात कसं होतं हे बघायचं असेल तर इतिहासाच्या पुस्तकाच्या आधी नाथांची भारुडं उघडावीत. त्यात वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळी आहे, भुत्या आहे, आंधळा-पांगळा आहे, कोल्हाटीण आहे, जोहार घालणारा महार आहे, फकीर आहे, हिंदू-तुर्काचा वाद आहे. वेशीपासून चावडीपर्यंत चालत गेलं तर जेवढी माणसं भेटतील तेवढी सगळी. नाथांनी तर चावडीतल्या कागदाचीही भाषा घेतली. अर्जदस्त, कौल, अभयपत्र, वसूल-बाकी, सगळं परमार्थाला लावलं. ब्रह्मज्ञान सांगायला त्यांना वेगळं गाव शोधावं लागलं नाही. पैठणचा बाजार पुरला. आपल्या भजनात भारुड रंगतं ते यामुळंच. ऐकणाऱ्याला त्यातलं प्रत्येक माणूस आपल्या गल्लीतलं वाटतं.

आणि हे फक्त नाथांचं नाही. संतांची गावं आठवून पाहा. गोरोबा तेरचे, सावतोबा अरणचे, जनाबाई गंगाखेडची, चोखोबा मंगळवेढ्याचे, जोगा परमानंद बार्शीचे, विसोबा खेचर औंढ्याचे, आपल्या शेजारच्या वैजापूर तालुक्यात शिऊरला बहिणाबाईंची समाधी. दिल्ली-बिदरच्या दरबारातलं कुणी नाही. कुंभाराचं चाक, माळ्याचा मळा, दळण, कांडण हे ज्या गावात एकमेकांच्या नजरेसमोर चालतं त्या गावांतून ही माणसं आली.

आता शंभर वर्षांमागच्या वाटेकडं येतो. नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघते आणि दशमीला पंढरीत पोचते, म्हणजे साधारण अठरा दिवस. आज वारकऱ्याला ही वाट पाच जिल्ह्यांतून जाते एवढंच कळतं. पण आपली दिंडी सुरू झाली तेव्हा ही वाट दोन राज्यांतून जात होती, आणि तीही सरळ नाही. नकाशा समोर घेऊन बघा. पैठण निजामाचं. गोदावरी ओलांडून थोडं पुढं गेलं की हादगाव, लाडजळगाव, हा शेवगावचा भाग, इंग्रजांचा नगर जिल्हा. पुढं रायमोहा, पाटोदा, की परत निजामाचा बीड जिल्हा. मग दिघोळ, खर्डा, जामखेड तालुका, पुन्हा इंग्रज. मग अनाळा, परांडा, पुन्हा निजाम. सीना ओलांडली की सोलापूर जिल्हा, शेवटचा इंग्रजी मुलूख, तो थेट चंद्रभागेपर्यंत. एका वारीत पाच वेळा राज्य बदलायचं! वाटेचे बारीक फाटे काळानुसार बदलले असतील, गावं मात्र हीच.

राज्य बदलायचं म्हणजे नाणं बदलायचं. आपल्याकडं हाली रुपया, तिकडं कलदार. शंभर कलदाराला साधारण ११६-११७ हाली द्यावे लागत. सीमेलगतच्या बाजारगावात सराफ बट्टा कापून नाणं बदलून देई. करोडगिरीचं नाकं, म्हणजे जकातीचं, तिथं गाठोडी सोडून दाखवावी लागत. वारकऱ्याच्या पडशीत काय निघणार? चटणी, ज्वारीचं पीठ, धोतर, पोथी. पण नाकं ते नाकं.

इथं मला या बाजारगावांचा पहिला मोठेपणा दिसतो. खर्ड्याच्या माणसानं परांड्याच्या माणसाला परराज्यातला मानलं नाही. सोयरिकी चालूच होत्या, बैल विकले जात होते, एकाच खंडोबाला आणि एकाच भवानीला नवस होते. सीमा सरकारची होती, पांढरीची नव्हती. आणि हे खर्डा कोणतं? जिथं मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवलं ते. लढाईच्या मैदानाजवळचं हे गाव शंभर-सव्वाशे वर्षांनी निजामाच्या रयतेची दिंडी आली की वेशीवर येऊन टाळकऱ्यांच्या पायांवर पाणी घालत होतं. किल्ला आहे, निंबाळकरांच्या वैभवाच्या खुणा आहेत, पण वारकऱ्याच्या ध्यानात राहतं ते पाणी.

त्या काळात आपल्या मुलखात मराठीचे हाल होते हेही सांगितलं पाहिजे. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दूतून शिकवणारं. वरच्या शाळा उर्दूच्या, कचेरी उर्दूची. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ चा हुकूम आडवा यायचा, आधी परवानगी काढा. मग मराठी राहिली कुठं? ओव्यांत, पोथीत, हरिपाठात, काकड्यात. अक्षरओळख नसलेल्या बाया-माणसांना ज्ञानेश्वरीचे अध्याय पाठ होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत पुढाऱ्यांची नावं असतात आणि असावीतच. पण १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला तेव्हा गावोगावी मराठी शाबूत सापडली, त्यात गावच्या देवळात रोज रात्री टाळ धरणाऱ्या माणसांचा वाटा होता. दिंडी पैठणहून पंढरपूरला जाई तेव्हा तिकडच्या मराठी शाळा, मराठी वर्तमानपत्रं बघून येई. वारी ही त्या पिढीची सहलही होती आणि शाळाही.

आता नाथांच्या वाटेवरची परांडा आणि कुर्डू ही दोन गावं जरा थांबून बघू.

परांडा म्हणजे भुईकोट किल्ला, मोठाल्या तोफा, खंदक. पण किल्ला बघायला वेळ कुणाला असतो? मुक्कामाला पोचेपर्यंत पाय सुजलेले. परांडा आठवतं ते ओट्यांमुळं. जुन्या घराला रस्त्याकडं दगडी ओटा असायचाच, जाणाऱ्या-येणाऱ्यानं टेकावं म्हणून. घर मालकाचं, ओटा गावाचा. वर माळवदाचं छप्पर, भिंती पांढऱ्या मातीच्या, आत उन्हाळ्यातही गारवा. दिंडी आली की कुणी कुणाला विचारत नसे, ओटे आपोआप भरत. याच तालुक्यात सीनेकाठी डोमगाव, समर्थांच्या कल्याणस्वामींचं ठाणं, आणि परांड्यात हंसराजस्वामींची समाधी. म्हणजे समर्थ संप्रदायाचा हा पट्टा. पण वारकऱ्यांची दिंडी म्हणून कुणी परकं धरलं नाही. नवी घरं सिमेंटची झाली तशी त्यांना कुंपणाची भिंत आली, लोखंडी फाटक आलं. ओटा फाटकाच्या आत गेला. माणसं वाईट झाली असं मी म्हणणार नाही. ती अजूनही फाटक उघडून चहा देतात. पण फाटक वाजवायला लागतं, आणि थकलेला माणूस फाटक वाजवत नाही, तो पुढं जातो.

कुर्डूची गोष्ट आणखी वेगळी. कुर्डू जुनं गाव. शेजारून मोठी रेल्वे गेली, मग १८९७ साली बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी तिला येऊन मिळाली. स्टेशनभोवती वस्ती वाढली ती कुर्डूवाडी. १९०६ मध्ये ही छोटी गाडी पंढरपूरपर्यंत गेली आणि लाखो वारकऱ्यांनी तिच्यातून प्रवास केला. डब्यात जागा नसली की टपावर. आता गंमत बघा. नावाप्रमाणं कुर्डू आई आणि वाडी लेक. पण साऱ्या देशाच्या वेळापत्रकात नाव लेकीचं. चालत जाणाऱ्या दिंडीला मात्र आधी कुर्डूच आठवतं. रेल्वेनं जाणारा वाडीत उतरतो, पायी जाणारा गावात शिरतो. आपण गाव कोणत्या वाटेनं बघतो यावर कोणतं गाव दिसतं हे ठरतं.

या गावांत असं काय आहे की माणूस पुन्हा-पुन्हा जातो? माझं उत्तर हिशोबाचं आहे. पन्नास उंबऱ्यांचं खेडं मनानं कितीही मोठं असलं तरी हजार माणसांना एका वेळी जेवू घालू शकत नाही. लाखाचं शहर घालू शकतं, पण त्याला पुढच्या वर्षी तुमचं तोंड आठवत नाही. कसबा मधला. त्याच्याकडं वाण्याचं दुकान आहे, पिठाची गिरणी आहे, शाळेची खोली आहे, मोठी कढई आहे. आणि तो एवढा लहान आहे की पिठलं वाढणारी बाई विचारते, "गेल्या साली तुमच्याबरोबर पखवाज वाजवणारे दादा होते, ते दिसले नाहीत?" ते दादा गेलेले असतात. ती पदर डोळ्याला लावते. नातं काही नाही. वर्षातून एकदा, एका पंगतीपुरती ओळख. वाटेवरच्या काही घरांशी आपल्या दिंडीचं असं तीन-तीन पिढ्यांचं चालू आहे. आजीनं वाढलं, सुनेनं वाढलं, आता नात वाढते.

पण नुसतं गोड-गोड लिहून चालायचं नाही. जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात तिथं सगळे सगळ्यांची जातही ओळखतात. ज्या पैठणचं कौतुक वर केलं त्याच पैठणनं ज्ञानोबा आणि भावंडांना शुद्धिपत्रासाठी तिष्ठत ठेवलं. श्राद्धाचं अन्न आधी भुकेल्या महारांना वाढलं म्हणून नाथांना त्याच गावानं बोल लावला. गोदेच्या तापल्या वाळवंटात रडणारं पोर त्यांनी कडेवर घेतलं, तेव्हा काठावर बघणारी माणसंही पैठणचीच होती. चोखोबा मंगळवेढ्याच्या वेशीच्या कामावर होते, आणि १३३८ साली ती पडून तिच्याखाली गेले. ज्या वेशीचं आपण कौतुक करतो तिच्याबाहेर राहणाऱ्यांच्या अंगावर ती पडली. पाणवठे वेगळे होते, पंगती वेगळ्या होत्या, आणि बऱ्याच दिंड्यांतही त्या वेगळ्याच होत्या. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा कुठं विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं झालं. शताब्दीच्या अंकात हे कशाला, असं काहींना वाटेल. मला वाटतं इथंच पाहिजे. गावाचा ओलावा आणि गावाचा जाच एकाच विहिरीतून येतात. पाणी एकच, पोहरा कुणाच्या हातात हा प्रश्न. नाथांनी गाव सोडलं नाही. जाच करणाऱ्या गावातच राहून त्यांनी ते थोडं-थोडं मोठं केलं.

अलीकडच्या दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. पहिली जायकवाडीची. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये धरण पुरं झालं, नाथसागर भरला. गोदाकाठची कितीतरी गावं त्यात गेली. नवीन गावठाणं मिळाली, प्लॉट आखून, सरळ रस्त्यांची. पण पांढरी काही प्लॉटवर उचलून नेता येत नाही. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की जुन्या देवळांचे दगड वर येतात आणि माणसं चिखलातून चालत जाऊन नारळ फोडून येतात. आपल्या नळाला पाणी येतं (येतं त्या दिवशी!) ते याच नाथसागराचं. पडेगावातल्या प्रत्येक घरानं हे लक्षात ठेवावं. कुणाची तरी पांढरी बुडाली तेव्हा आपली घागर भरली.

दुसरी २०२० आणि २०२१ ची. कोरोनामुळं पायी वारी झाली नाही, मानाच्या पालख्या एस.टी.नं मोजक्या माणसांनिशी पंढरीला गेल्या. नाथांचीही. आपण घरी बसून हरिपाठ म्हटला. पंढरी चुकल्याचं दुःख होतंच, पण वाटेवरच्या गावांतून फोन यायला लागले तेव्हा कळलं की चुकली ती फक्त पंढरी नव्हती. "मुक्कामाची जागा सारवून ठेवलीय, नुसती," असं एका माउलीनं फोनवर सांगितलं. त्या गावांनाही वारी होती. आपण चालायचो, ती बसून करायची, एवढाच फरक.

आता पडेगाव. १९८२ साली शहराची महानगरपालिका झाली, हद्द वाढत गेली, आणि आज आपण शहरातच आहोत. मौजे मधे कसबा न होता एकदम वॉर्ड झालं. कुर्डूवाडी गावातून वाढली, आपल्याकडं शहर बाहेरून चालून आलं. जुनं गावठाण मधे आणि भोवती कॉलन्या, सोसायट्या, शाळा, लॉन्स. वैजापूर, कन्नड, जालना, परभणी, विदर्भ, कुठून-कुठून पोटासाठी आलेली माणसं. रस्ता रुंद होतो तिथं कडेची झाडं आधी जातात, मग ओटे. बैठकीत जुनी मंडळी म्हणतात, गाव राहिलं नाही. मला हे अर्धंच पटतं. काळी गेली हे खरं, ती विकली गेली, सातबारावरून नावं उतरली. पांढरी मात्र माणसांची असते, आणि माणसं तर वाढलीत.

अडचण वेगळीच आहे. कॉलनीत राहणाऱ्या माणसाला दिंडी म्हणजे "गाववाल्यांची" वाटते, आणि आपल्याला तो "बाहेरचा" वाटतो. शंभर वर्षं आपण दर मुक्कामावर बाहेरचेच होतो हे आपण विसरतो. खर्ड्याच्या माणसानं, परांड्याच्या माणसानं हालीवाल्या परमुलखातल्या वारकऱ्याला ओट्यावर बसवलं, कोणत्या वॉर्डाचे म्हणून विचारलं नाही. त्या कॉलन्यांतली निम्मी माणसं वारकरी घरातली आहेत. गळ्यातली माळ गावाकडं राहिली असेल, पण काकड्याचा आवाज आला की खिडकीत येऊन उभी राहतात. हे मी अनेकदा पाहिलंय. खाली उतरत नाहीत, कारण कुणी "या" म्हटलेलं नाही.

म्हणून शताब्दीच्या बैठकीत एक गोष्ट ठरली आहे ती इथं छापून ठेवतो. यंदा प्रस्थानाच्या दिवसाची शिदोरी भिशीतून करायची नाही. पहिल्या मुक्कामाच्या भाकरी गावठाण आणि कॉलन्या मिळून घरोघरी भाजायच्या, एका घराला पाच, सोबत शेंगदाण्याची चटणी. कोणत्या घराच्या किती ते लिहायला वही केली आहे, ती देवळात विणेकऱ्यांजवळ आहे. दोन टाळकरी आणि एक पोरगं असे मिळून प्रत्येक गल्लीत जातील. फाटक असेल तर वाजवतील. दिंडी सकाळी हरिपाठ करून निघेल, नगर नाक्यावरून स्टेशनकडं आणि तिथून पैठणच्या वाटेला. ज्यांना पैठणपर्यंतही चालणं जमणार नाही त्यांनी नक्षत्रवाडीपर्यंत यावं. तिथं पहिला विसावा आहे, परत यायला शहरबस मिळते.